खाटेवरचा कुडकुडला, जमिनीवरचा घोरला!

बालमित्रांनो, आधी एक कोडं घालतो. सोडवा पाहू!

डिसेंबरचा महिना. उघड्या माळावर दोन तंबू. पहिल्या तंबूत जमिनीवर मॅट अंथरून दोघंजण झोपलेत. दुसरा तंबू मात्र गमतीचा आहे. तो जमिनीवर नाही, चक्क एका खाटेवर उभा आहे! जमिनीपासून सव्वा वीत उंच. त्यात एकटा मुलगा झोपलाय. तिघांच्याही स्लीपिंग बॅगा एकाच दुकानातल्या, एकाच जातीच्या. तर सांगा, पहाटे तीन वाजता थंडीनं दात कोणाचे वाजले?

"जमिनीवरच्यांचे!" असंच म्हणालात ना? जमीन गार, दगडधोंड्यांची; आणि खाटेवरचा कसा राजासारखा उंचावर! आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण झालं भलतंच. जमिनीवरचा एकजण मस्त घोरत होता (तो मी!) आणि खाटेवरचा गठडी वळून कुडकुडत होता. हे असं का झालं, त्याचीच ही गोष्ट. गोष्ट थोडी आमच्या फजितीची आहे. पण तुम्ही कधी तंबूत राहायला जाणार असाल, तर ती तुमच्या उपयोगाची आहे, बरं का!

खाट कोणाची?

माझा भाचा सातवीत, भाची नववीत. दोघांना घेऊन मी भंडारदऱ्याला गेलो होतो. अकोले तालुक्यातलं हे गाव. प्रवरा नदीवरचं धरण, त्याचा लांबच लांब जलाशय आणि बाजूला कळसूबाईचा डोंगर. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, हे तुम्हाला भूगोलात आलंच असेल. एका शेतकरी बाबांच्या रिकाम्या खाचरात त्यांची परवानगी घेऊन आम्ही मुक्काम टाकला. पाण्यापासून चांगलं दूर, बाबांच्या घराच्या हाकेच्या अंतरावर.

आमच्याकडे एक साधा तंबू होता आणि एका मित्राकडून मागून आणलेली ती नवलाईची वस्तू. दुकानदार तिला 'टेंट कॉट' म्हणतात. आम्ही तिचं बारसं केलं, 'तंबूखाट'! घडीची खाट असते ना, ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि त्यांवर ताणून बसवलेलं जाड कापड, तशीच ही खाट. फक्त तिच्यावर लहानसा तंबू कायमचा शिवलेला. दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या, चेन लावायचं दार आणि वरून घालायला पाऊस अडवणारं कापड. घडी उलगडली, पाय ताणले, की पाच मिनिटांत घर तयार! वजन मात्र दहा-बारा किलो. म्हणजे पाठीवर टाकून गड चढण्याची ही वस्तू नव्हे. गाडी जाते तिथंच ती न्यायची.

साहजिकच भांडण सुरू झालं. "मी मोठी आहे, खाट माझी." "ताई, तू नेहमीच मोठी असतेस! मामा, तू सांग ना हिला." शेवटी नाणं उडवलं. भाचेबुवा जिंकले. जिंकल्याबरोबर पळत जाऊन ते खाटेच्या अगदी टोकावर बसले आणि धप्पकन दुसरं टोक वर! भाचेबुवा गवतात. खाटेवर बसताना नेहमी मध्यावर बसायचं, हा पहिला धडा तिथंच मिळाला.

पण तेवढ्यानं गर्व जातोय कुठला? "तुम्ही झोपा किड्यामुंग्यांबरोबर. मी वरच्या मजल्यावर आहे!" असं म्हणून त्यानं ऐटीत चेन ओढली.

पहाटे तीन वाजता

रात्री जेवण झालं, चांदण्या पाहून झाल्या. आकाश अगदी स्वच्छ होतं. इतकं, की आकाशगंगेचा पट्टा दिसत होता. दहाच्या सुमाराला सगळे झोपलो.

पहाटे भाचीनं मला हलवलं. "मामा, ऊठ ना. बाहेर कसला तरी आवाज येतोय. कटकटकट असा."

टॉर्च घेऊन बाहेर आलो. आवाज तंबूखाटेतूनच येत होता. चेन उघडली तर भाचेबुवा गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. दातांवर दात आपटत होते. केस ओलसर, बॅगेचं वरचं कापड ओलसर. माझ्या छोट्या तापमापकात बाहेर नऊ अंश सेल्सिअस होतं.

"अरे, कधीपासून थंडी वाजतेय?"

"एक... एक वाजल्यापासून."

"मग हाक का नाही मारलीस?"

तो गप्प. मग हळूच म्हणाला, "ताई हसली असती."

मित्रांनो, इथं जरा थांबू या. कारण या सगळ्या गोष्टीतला खरा धोक्याचा भाग कोणता होता, माहीत आहे? नऊ अंशांची थंडी नव्हे. धोक्याचं होतं ते त्याचं गप्प बसणं. थंडी वाजू लागली की शरीर स्नायूंना थरथरायला लावून उष्णता तयार करतं. म्हणजे कुडकुडणं ही शरीराची हाकच असते. त्या हाकेकडे लक्ष दिलं नाही, तर शरीराचं तापमान खाली जाऊ लागतं. मग बोलणं अडखळतं, बोटांनी चेनसुद्धा उघडता येत नाही, गुंगी येते. आणि ऊब मिळालेली नसताना कुडकुडणं आपोआप थांबलं, तर ते बरं वाटल्याचं नव्हे, फार वाईट लक्षण आहे. अशा माणसाला लगेच दवाखान्यात न्यावं लागतं. आमच्या भाच्याची वेळ तिथवर आली नव्हती. पण हिमालयात, उणे तापमानात, असा भिडस्तपणा जिवावर बेतू शकतो. म्हणून थंडी वाजली तर सांगायचं. कोणी हसलं तर हसू दे!

त्याला कोरडे कपडे घातले, कानटोपी चढवली, दोघांच्या मध्ये बसवलं. "मामा, चुलीतले निखारे घमेल्यात घालून तंबूत आणू या का? मस्त ऊब येईल," तो म्हणाला. मी ठाम नाही म्हटलं. का, ते नीट ऐका. निखारे, शेगडी, स्टोव्ह बंद जागेत जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही, आणि झोपेतच जीव जातो. तंबूत आग आणायची नाही म्हणजे नाही!

बाबांचा प्रश्न

आमच्या टॉर्चचा उजेड पाहून शेतकरी बाबा अंगावर घोंगडी घेऊन आले. त्यांनी खाटेवरून आणि खाटेखालून हात फिरवला आणि भाच्याला एकच प्रश्न विचारला:

"पोरा, वरनं एवढं पांघरलंस, खाली काय घातलंस?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खाली? खाली काहीच नव्हतं! खाटेचं कापड आणि त्यावर थेट स्लीपिंग बॅग. उंचावर झोपायचं म्हणून मॅट आम्ही गाडीतच ठेवली होती.

"खालनं वारं फिरतंय की," बाबा म्हणाले, "पाठ गार पडणारच." ते घरी गेले आणि भाताच्या पेंढ्यानं भरलेली दोन गोणपाटं घेऊन आले. ती खाटेवर पसरली, वर त्यांची घोंगडी घातली आणि मग बॅग. आजींनी आल्याचा गोड चहा करून पाठवला. अर्ध्या तासात भाचेबुवा गाढ झोपले. सकाळी आठ वाजता ओढून उठवावं लागलं!

शाळेत न गेलेल्या बाबांनी जे एका प्रश्नात सांगितलं, ते विज्ञानाच्या भाषेत पाहू या.

ऊब कुठून पळाली?

आपलं शरीर म्हणजे साधारण ३७ अंशांची एक भट्टी. भोवतालची हवा गार असली की ही ऊब बाहेर पळायला वाटा शोधते. पहिली वाट स्पर्शाची. गार वस्तूला अंग टेकलं की ऊब तिच्यात जाते. याला वहन म्हणतात. दुसरी वाट वाऱ्याची. अंगाजवळची गरम हवा वाहून जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. हे झालं अभिसरण. आणि तिसरी वाट प्रारणाची. मध्ये काहीही नसताना ऊब किरणांच्या रूपानं निघून जाते, जशी सूर्याची ऊब आपल्याकडे येते.

आता स्लीपिंग बॅग ऊब देते म्हणजे काय करते? ती स्वतः गरम नसते, बरं का! तिच्यातल्या कापसासारख्या भरणात हवा अडकलेली असते. अडकलेली, न हलणारी हवा ऊब सहजासहजी जाऊ देत नाही. म्हणजे खरं पांघरूण असतं ते हवेचंच. घरची गादी पिंजून आणली की ती जास्त उबदार का लागते? पिंजल्यामुळे कापूस फुलतो आणि त्यात जास्त हवा मावते म्हणून!

पण गंमत इथंच आहे. बॅगेत शिरून आपण आडवे होतो, तेव्हा पाठीखालचं भरण आपल्याच वजनानं दाबलं जातं. त्यातली हवा निघून जाते. वर फुगलेली रजाई आणि खाली पापडासारखं चपटं कापड!

जमिनीवर आमच्या पाठीखाली फोमची मॅट होती. फोममध्ये हवेचे अगणित बारीक बुडबुडे असतात आणि ते वजनानं फारसे दबत नाहीत. शिवाय तंबूखालच्या जमिनीत दिवसाची थोडी ऊब शिल्लक होती आणि तिथं वाऱ्याला शिरायला जागाच नव्हती. म्हणून आम्ही सुखी.

खाटेखाली मात्र मोकळी हवा. ती त्याच्या अंगाखालून रात्रभर वाहत होती आणि पातळ कापडातून भाच्याच्या पाठीची ऊब घेऊन जात होती. गरम चहा बशीत ओतून फुंकर मारतो ना आपण? तसंच! उन्हाळ्यात बाजेवर झोपलं की कसं गार वाटतं, आठवा. उन्हाळ्यात जो गुण, तोच थंडीत दोष झाला.

याचा अर्थ उघड्या जमिनीवर झोपणं चांगलं, असं मात्र समजू नका. मॅट नसती तर आमचीही तीच गत झाली असती. कोरडी मातीसुद्धा स्थिर हवेच्या साधारण दहापट वेगानं ऊब ओढून घेते आणि ओली माती तर त्याच्याही कितीतरी पट. मुद्दा एवढाच, की खाट असो वा जमीन, 'वर किती घेतलंय' इतकंच 'खाली काय घातलंय' हेही महत्त्वाचं!

तंबू गळत होता का?

"पण मामा, माझा तंबू गळत होता. वरून थेंब पडले माझ्यावर," भाचा म्हणाला.

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. मग पाणी आलं कुठून? ते त्याचं त्यानंच आणलं होतं! आपल्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पेलाभर पाणी तरी वाफ होऊन बाहेर पडतं. स्वच्छ आकाशाच्या रात्री तंबूचं कापड आपली ऊब आकाशाकडे टाकत राहतं (तीच तिसरी वाट, प्रारणाची) आणि हवेपेक्षाही गार होतं. अशा गार कापडाला वाफ लागली की तिचे थेंब होतात. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो ना, तोच हा प्रकार. तंबूखाटेत जागा एवढीशी, छप्पर नाकापासून हातभर अंतरावर, आणि भाचेबुवांनी थंडीच्या भीतीनं जाळीच्या खिडक्या गच्च बंद केलेल्या. मग काय, आत पाऊस!

त्यामुळे थंडी असली तरी वरची एक खिडकी थोडी उघडी ठेवायची. हवा खेळती राहिली की वाफ निघून जाते. आणि बॅगेत डोकं खुपसून श्वास सोडायचा नाही. त्यामुळे बॅगच आतून ओली होते आणि ओली बॅग म्हणजे थंडीला आमंत्रण!

मग खाट हवीच कशाला?

आता भाचीला बोलायला जागा मिळाली. "बघ, तुझी खाट बिनकामाची!"

पण सकाळी आमचा तंबू गुंडाळायला घेतला आणि तिचीच बोलती बंद झाली. तंबूच्या तळाचं कापड उचललं, तर खाली एक विंचू! नांगी वर करून बसलेला. रात्री तिची उशी होती, त्याच्या अगदी जवळ. बाबांनी काठीनं अलगद उचलून त्याला दूर बांधावर सोडून दिलं. तंबूचं दार आम्ही नीट बंद ठेवलं होतं म्हणून तो आत आला नाही, एवढंच.

खाट हवी ती यासाठी. आणि ही कल्पना काही आजची नाही. १९२२ साली इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाची कबर सापडली. तीन हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या कबरीत काय मिळालं? तीन घड्या होणारी लाकडी खाट, ब्राँझच्या बिजागऱ्यांची! नेपोलियन लढायांवर जाताना घडीची लोखंडी खाट बरोबर नेत असे. सेंट हेलेना बेटावर कैदेत असताना ५ मे १८२१ रोजी त्याला मरण आलं, तेही अशाच खाटेवर.

आणि आपल्याकडे? पिकाची राखण करणारा शेतकरी चार खांबांवर माळा बांधतो आणि त्यावर झोपतो. अंगणात बाज टाकून तिला मच्छरदाणी बांधली, की झाली आपली गावठी तंबूखाट. दुकानातल्या वस्तूनं एवढंच केलं, की बाज, मच्छरदाणी आणि छप्पर एका घडीत बसवलं.

ही बाज आणि मच्छरदाणी किती मोलाची आहे, हे मण्यार सापाची माहिती घेतली की कळतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. यांतला मण्यार रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो आणि दंश करतो, तेव्हा बरेचदा वेदनाच होत नाहीत. खूणही दिसेल न दिसेल अशी. काही तासांनी पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, बोलता आणि गिळता येईनासं होतं. सर्पदंशानं भारतात २००० ते २०१९ या वर्षांत दरसाल सरासरी ५८ हजार माणसं दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. यांतले कितीतरी जीव एका बाजेनं आणि गादीखाली नीट खोचलेल्या मच्छरदाणीनं वाचू शकतात.

दंश झालाच तर? मांत्रिकाकडे जायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही. त्या माणसाला धीर द्यायचा, चालू न देता चावलेला भाग स्थिर ठेवायचा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची आणि लवकरात लवकर सरकारी दवाखाना गाठायचा. प्रतिविष हाच उपाय.

विंचवाचंही तसंच. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं पूर्वी पुष्कळ मुलं दगावत. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून शेकडो जीव वाचवले. जगभरच्या डॉक्टरांनी त्यांच्या कामाची दखल घेतली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू चावला तरी अंगारेधुपारे नाहीत, थेट दवाखाना!

तंबूखाटेत झोपायचंय? मग हे लक्षात ठेवा

१) जागा सपाट आणि थोडी उंचावरची निवडा. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट जागेत साचते. पाण्याच्या अगदी काठाला किंवा ओढ्याच्या पात्रात तर कधीच नको. रात्रीतून पाणी वाढू शकतं. वर वाळकी फांदी नाही ना, हेही पाहा.

२) जमीन भुसभुशीत असेल तर खाटेचे पाय रुततात आणि खाट तिरकी होते. प्रत्येक पायाखाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा द्या.

३) खाट हलकी आणि वर तंबूचं शीड! वारा सुटला की ती रिकामी असताना उलटते. दोऱ्या ताणून खुंट्या ठोकल्याशिवाय सोडू नका.

४) थंडीत खाटेवर आधी मॅट, मग जमल्यास घोंगडी किंवा दुहेरी गोधडी, मग बॅग. मॅट नसेल तर बाबांची युक्ती, पेंढ्याचं गोणपाट. मात्र पेंढा कोरडा हवा आणि जवळपास मेणबत्ती, कंदील नको. उजेडाला टॉर्चच. उन्हाळ्यात यातलं काही नको, नुसती चादर पुरे. खालचा वारा तेव्हा तुमचा मित्र!

५) झोपताना दिवसभराचे घामट कपडे बदला. कोरडे मोजे आणि कानटोपी घाला. झोपायच्या आधी लघवीला जाऊन या आणि टॉर्च उशाशी ठेवा.

६) बूट बाहेर, जमिनीवर ठेवू नका. पिशवीत घालून वर ठेवा. तरीही सकाळी पालथे करून, झटकून मगच पायात घाला. खाटेखाली सामानाचा ढीग करू नका. तिथं नको ते पाहुणे येतात. खाण्याच्या वस्तू डब्यात बंद करून तंबूपासून लांब ठेवा.

७) विजा चमकू लागल्या तर खाट सोडा. कोणताही तंबू विजेपासून वाचवत नाही. पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जाऊन बसा.

८) निघताना जागा आली तशीच सोडून जा. पेंढ्याची काडी चालेल, प्लॅस्टिकचा कागद नाही.

आईबाबांसाठी दोन शब्द

पालकहो, 'मुलं तंबूत झोपणार' म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. तो यावाच, पण म्हणून नाही म्हणू नका. थोडी चौकशी करा. शिबिराची जागा दवाखान्यापासून किती दूर आहे? रात्री जागं राहणारं कोणी मोठं माणूस मुलांजवळ आहे का? अंथरूण-पांघरूण कोण आणि कसलं देणार? आणि मुलाला निघताना एक वाक्य नक्की सांगा: "रात्री कधीही, काहीही वाटलं, तर उठव. कोणी रागावणार नाही." त्या रात्री हे वाक्य मी भाच्याला सांगायला विसरलो होतो. दोन तास तो जो कुडकुडला, त्यातला अर्धा दोष माझा.

करून पाहा

आमची फजिती घरच्या घरी तपासता येते. सारख्या आकाराच्या दोन बाटल्या घ्या. दोन्हींत सारखंच कोमट पाणी भरा. (फार कढत नको, आणि मोठ्या माणसाला बरोबर घ्या.) एक बाटली जमिनीवर चौपदरी गोधडी घालून तीवर आडवी ठेवा. दुसरी वेताच्या किंवा पट्ट्यांच्या खुर्चीवर पातळ रुमाल घालून आडवी ठेवा, म्हणजे तिच्याखालून हवा खेळेल. दोन्ही बाटल्यांवर सारखंच पांघरूण घाला आणि पंखा हळू लावा. तासाभरानं कोणत्या बाटलीतलं पाणी जास्त गार झालं? मग खुर्चीवरच्या बाटलीखाली घोंगडीची घडी घालून हाच प्रयोग पुन्हा करा. जे दिसेल ते वहीत लिहून ठेवा आणि शाळेत बाईंना दाखवा. आणि पहिली तंबूखाट घराच्या गच्चीवर किंवा अंगणातच मांडा. बाजेला मच्छरदाणी बांधलीत तरी चालेल. एक रात्र तिथं काढून पाहा. काय विसरलं, काय जास्त झालं, ते कळेल. आणि थंडी वाजली तर आईचं पांघरूण दहा पावलांवर असेल!

राहता राहिली दुसरी रात्र. आता खाट कोणाची, म्हणून पुन्हा नाणं काढलं. भाचा म्हणाला, "राहू दे मामा. ताईला झोपू दे." तिनं खाटेवर मॅट घातली, पेंढ्याचं गोणपाट घातलं, घोंगडी घातली. भाच्यानं स्वतः वाकून खाटेखालून हात फिरवून पाहिला, अगदी बाबांसारखा. मग वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली आणि म्हणाला, "ताई, थंडी वाजली तर हाक मार हं. मी हसणार नाही."

रात्री तिनं एकदा हाक मारलीच. पण थंडीसाठी नाही. "मामाचं घोरणं इथपर्यंत ऐकू येतंय, त्याला कुशीवर वळव," एवढंच सांगण्यासाठी!